‘डायरेक्ट करून देतो’ म्हटलं, तर नको म्हणा

कॉफी मेकर तापत नाही म्हणून तुम्ही तो दुरुस्तीला नेलात. समोरच्याने पाच मिनिटांत उघडून पाहिला आणि म्हणाला, ‘कटआउट गेलाय, डायरेक्ट करून देतो.’ अशा वेळी त्याला नको म्हणा. पैसे कमी लागणार असले तरी नको म्हणा, यंत्र लगेच हातात मिळणार असलं तरी नको म्हणा. या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण एवढं लक्षात ठेवा.

नांदेडजवळच्या विष्णुपुरीत राहणाऱ्यांना हे आवर्जून सांगायला कारण आहे. गोदावरीच्या काठावरच्या या परिसरात श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून आहे. १९९४ साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा ‘ज्ञानतीर्थ’ परिसर इथेच आहे. डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालयही इथेच. म्हणजे रात्री जागणारी माणसं इथे पुष्कळ आहेत. परीक्षा तोंडावर आलेली मुलं-मुली, रात्रपाळीच्या परिचारिका, निवासी डॉक्टर, पेशंटपाशी बसलेले नातेवाईक. यांतल्या अनेकांच्या भाड्याच्या खोलीत एक विजेची किटली असते, हिवाळ्यात पाणी तापवायचा रॉड असतो आणि अलीकडे कुणाकडे कॉफी मेकरही असतो. लातुरात शिकवणीसाठी आलेल्या मुलांच्या खोल्यांतही हीच सामग्री. पुण्या-हैदराबादला नोकरीला लागलेली मुलं आईवडिलांना कॉफी मेकर आणून देतात, तो वर्षभर छान चालतो आणि एक दिवस तापायचा थांबतो. त्यानंतर काय करायचं हे मात्र कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून आज ते सविस्तर सांगतो. यातलं बरंचसं तुम्ही स्वतः करू शकता. जे करू नये, तेही स्पष्ट सांगतो.

यंत्र चालतं कसं

घरगुती कॉफी मेकरमध्ये पाणी वर चढवणारा पंप बहुधा नसतो. टाकीतलं पाणी एका छोट्या झडपेतून खालच्या नळीत उतरतं. ही झडप पाणी एकाच दिशेने सोडते. नळी साधारण घोड्याच्या नालेच्या आकाराची, बहुतेकदा अ‍ॅल्युमिनियमची असते आणि तिला लागूनच तापणारी कॉईल, म्हणजे एलिमेंट असतं. नळीतलं पाणी उकळलं की वाफेचे बुडबुडे पाणी वर ढकलतात आणि ते कॉफीच्या पुडीवर थेंब थेंब पडतं. जी कॉईल पाणी उकळते तीच वरच्या प्लेटलाही तापवते आणि प्लेटवर ठेवलेलं भांडं गरम राहतं.

कॉईलच्या आधी विजेच्या वाटेवर दोन राखणदार बसवलेले असतात. पहिला थर्मोस्टॅट. ठरावीक तापमान आलं की तो वीज तोडतो आणि थंड झालं की पुन्हा जोडतो. दुसरा थर्मल फ्यूज, ज्याला आपल्याकडे कटआउटही म्हणतात. थर्मोस्टॅट बिघडला किंवा यंत्र मर्यादेबाहेर तापलं, तर हा फ्यूज एकदाच उडतो आणि पुन्हा जुळत नाही. तो उडाला की यंत्र कायमचं थंड पडतं. लोकांना वाटतं, यंत्र बिघडलं. खरं तर यंत्राने स्वतःला आणि तुमच्या खोलीला आगीपासून वाचवलेलं असतं.

न तापणाऱ्या यंत्राला आपण ‘तू का थांबलास?’ असं विचारायला हवं. ‘डायरेक्ट’ करणारा, म्हणजे फ्यूज वगळून थेट वायर जोडणारा माणूस हा प्रश्नच पुसून टाकतो.

आधी खुणा पाहा

पेचकस हातात घेण्यापूर्वी यंत्र नीट पाहा. तीन वेगवेगळ्या तक्रारींना लोक सरसकट ‘तापत नाही’ म्हणतात, पण त्यांची कारणं वेगळी आहेत.

पहिली तक्रार: बटण दाबलं, पण दिवाच लागत नाही. अशा वेळी वीज यंत्रापर्यंत पोचत नसण्याची शक्यता मोठी. दोष बोर्डात, पिनेत, वायरमध्ये किंवा यंत्राच्या बटणात शोधा.

दुसरी तक्रार: दिवा लागतो, पण दहा मिनिटांनीही प्लेट थंडगार. बहुतेक यंत्रांत दिवा बटणातच असतो, म्हणजे बटणापर्यंत वीज येते आहे. पुढे थर्मल फ्यूज, थर्मोस्टॅट किंवा कॉईल यांपैकी कुठेतरी वाट तुटली आहे.

तिसरी तक्रार: प्लेट तापते, पण पाणी वर चढत नाही, किंवा खूप उशिरा आणि थोडंथोडं चढतं. इथे कॉईल शाबूत आहे. नळीत क्षार साचलेत, झडप अडकली आहे किंवा व्होल्टेज कमी आहे. अशी यंत्रं लोक विनाकारण उघडतात आणि चांगला भाग खराब करून ठेवतात.

काही नव्या यंत्रांत ठरावीक वेळेनंतर आपोआप बंद होण्याची सोय असते. आपलं यंत्र तसं आहे का, हे सोबतच्या पुस्तिकेत आधी बघून घ्या.

बोर्ड आणि व्होल्टेज

सुरुवात नेहमी भिंतीपासून करावी. कॉफी मेकरची पीन काढून त्याच ठिकाणी दुसरं चालू उपकरण लावून बघा. नुसता मोबाईलचा चार्जर चालला म्हणून बोर्ड चांगला आहे असं समजू नका. चार्जरला वीज अगदी थोडी लागते आणि सैल जोडणीवरही तो चालतो. टेस्टर पेटला म्हणजे फेज आहे एवढंच कळतं, न्यूट्रल धड आहे की नाही हे टेस्टर सांगत नाही. इस्त्रीसारखं तापणारं उपकरण लावून पाहणं हीच खरी परीक्षा. पीन काढल्यावर ती गरम लागत असेल, काळी पडली असेल किंवा जळका वास येत असेल, तर सॉकेट बदलून घेतल्याशिवाय तिथे काहीच लावू नका.

आता थोडा हिशेब. घरगुती वीज २३० व्होल्टची. लहान सॉकेट ६ अँपिअरचं, म्हणजे त्यावर १,३८० वॅटपेक्षा जास्त भार नको. ८०० वॅटचा कॉफी मेकर साडेतीन अँपिअर घेतो, तो तिथे चालेल. १,५०० वॅटची किटली किंवा रॉड साडेसहा अँपिअर घेतो, त्याला १६ अँपिअरचं मोठं सॉकेटच हवं. एका एक्स्टेंशन बोर्डावर रॉड आणि कॉफी मेकर एकदम लावले की भार २,३०० वॅट, म्हणजे १० अँपिअर होतो. साधा एक्स्टेंशन बोर्ड एवढ्यासाठी बनवलेला नसतो. त्याची वायर तापते, आतली पत्ती सैल होते आणि मग ‘कॉफी मेकर नीट तापत नाही’ अशी तक्रार सुरू होते. दोष बोर्डाचा असतो, दुरुस्तीला यंत्र जातं.

व्होल्टेजचा परिणाम आपल्या भागात विशेष जाणवतो. लोहा, कंधार, मुखेड किंवा औसा, निलंगा अशा तालुक्यांतल्या गावांत शेतातल्या पाण्याच्या मोटारी चालू असण्याच्या वेळी दिवा मंद होतो, हे तिथल्या माणसांना सांगायला नको. व्होल्टेज कमी झालं की कॉईलची उष्णता त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले, तर ८०० वॅटचं यंत्र जेमतेम ४९० वॅटचं काम करतं. अर्धा लिटर पाणी साध्या तापमानापासून ९५ अंशांपर्यंत न्यायला एरवी सुमारे तीन मिनिटं लागत असतील, तर आता पाच लागतील, आणि प्रत्यक्षात उष्णता इकडेतिकडे जात असल्यामुळे त्याहून जास्तच. म्हणून संध्याकाळी न तापलेलं यंत्र पहाटे एकदा लावून बघा. पहाटे नीट चाललं तर यंत्राला हात लावू नका. व्होल्टेजची तक्रार महावितरणकडे १९१२ या क्रमांकावर नोंदवा.

एक सवय सगळ्यांनी लावून घ्यावी. लाईट गेली की तापणाऱ्या प्रत्येक उपकरणाचं बटण बंद करून पीन काढायची. आपण विसरून बाहेर पडतो, तासाभराने लाईट येते, टाकीत पाणी नसतं आणि यंत्र रिकामंच तापत राहतं. थर्मल फ्यूज उडण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे.

क्षार

आता मुख्य कारणाकडे येतो. मराठवाड्याची जमीन काळ्या बेसॉल्ट खडकाची. या खडकातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. नांदेड शहराला विष्णुपुरीच्या शंकर सागर जलाशयातून गोदावरीचं पाणी मिळतं, पण नव्या वस्त्यांत, वसतिगृहांत आणि भाड्याच्या इमारतींत बोअरचं पाणी वापरलं जातं. जड पाणी ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला पांढरी रेघ उमटते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे. म्हणजे पिण्यासाठी चालणारं पाणीही यंत्राला जड जाऊ शकतं.

हे पाणी तापलं की त्यातले बायकार्बोनेट फुटतात आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर बसतो. तो उष्णता नीट पुढे जाऊ देत नाही. कॉईल तापते, पण तिची उष्णता पाण्यात उतरत नाही. ती आतल्या आत वाढत जाते, थर्मोस्टॅट पुन्हा पुन्हा तुटतो-जुळतो, त्याचे संपर्क झिजतात आणि शेवटी थर्मल फ्यूज उडतो. क्षार तसेच ठेवून नुसता फ्यूज बदलला, तर नवाही उडणार. आणि त्याच क्षारांवर यंत्र ‘डायरेक्ट’ केलं, तर उडायला फ्यूजच उरत नाही. मग वितळतं ते प्लास्टिक.

क्षार काढणं सोपं आहे. किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, एक लिटर कोमट पाण्यात साधारण २० ग्रॅम विरघळवा. टाकीत भरा. कॉफीची पूड न टाकता यंत्र चालू करा. निम्मं पाणी उतरलं की बंद करून अर्धा तास तसंच राहू द्या, मग उरलेलं उतरवा. त्यानंतर स्वच्छ पाणी भरून दोन-तीनदा चालवा आणि सगळं पाणी फेकून द्या. लिंबूसत्त्व नसेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेतलं तरी चालतं, फक्त वास जायला एखादी फेरी जास्त लागते. थर जुना असेल तर हेच दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. चाकूने, तारेने किंवा घासणीने खरवडू नका.

इथे एक कळकळीची सूचना. संडास साफ करायचं अ‍ॅसिड कॉफी मेकरमध्ये किंवा किटलीत कधीही घालू नका. ते क्षारांबरोबर अ‍ॅल्युमिनियमची नळीही खातं आणि त्याचा अंश पोटात जातो. लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगरमध्ये ब्लीचिंगचं पाणीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

बोअरचं पाणी वापरत असाल तर महिन्यातून एकदा ही सफाई करा. शक्य असेल तर यंत्रात फिल्टरचं किंवा जारचं पाणी घाला. उन्हाळ्यात बोअरचं पाणी खोल जातं तेव्हा अनेक ठिकाणी ते आणखी जड होतं, तेव्हा महिन्याची वाटही पाहू नका.

झडप अडकली असेल तर टाकीच्या तळाशी जिथून पाणी खाली उतरतं तिथे पाहा. कॉफीचा चोथा किंवा क्षाराचा खडा बसलेला दिसतो. पीन काढून, यंत्र पूर्ण थंड झाल्यावर मऊ ब्रशने तो काढा. टाकी धुताना यंत्र नळाखाली धरू नका. खालच्या बाजूला पाणी गेलं की नवं दुखणं सुरू होतं.

न उघडता मीटर लावून

ज्यांच्याकडे मल्टिमीटर आहे आणि तो वापरायची सवय आहे, त्यांना यंत्र न उघडताही बरंच कळू शकतं. यंत्राची पीन बोर्डातून काढलेली असली पाहिजे, यात सवलत नाही. यंत्र थंड होऊ द्या. त्याचं बटण चालू स्थितीत ठेवा आणि मीटर ओहमवर लावून पिनेच्या दोन बारीक काड्यांमध्ये मोजा. साध्या बटणाच्या ८०० वॅटच्या यंत्रात सुमारे ६६ ओहम दिसले पाहिजेत, १,००० वॅटच्या यंत्रात सुमारे ५३. असा आकडा आला तर फ्यूज, थर्मोस्टॅट आणि कॉईल तिन्ही जोडलेले आहेत, आणि दोष बोर्डात किंवा क्षारात आहे. मीटरने काहीच दाखवलं नाही, तर आत कुठेतरी वाट तुटली आहे. वायर हलवताना आकडा येत-जात असेल तर वायरच तुटलेली आहे.

मग मीटरची एक काडी वरच्या जाड पिनेला, म्हणजे अर्थिंगच्या पिनेला लावा आणि दुसरी आळीपाळीने दोन्ही बारीक पिनांना. इथे काहीही दिसता कामा नये. आकडा आला तर कॉईलमधून वीज यंत्राच्या अंगात उतरते आहे. ते यंत्र पुन्हा बोर्डाला लावू नका, एकदासुद्धा नाही. यंत्राला हात लावताना बसणारा बारीक झटका म्हणजे हीच सूचना असते. ‘थोड्या झिणझिण्या येतात, पण चालतंय’ असं म्हणत वापरणारी माणसं आपल्या आजूबाजूला आहेत. त्यांना थांबवा.

आत हात घालायचा कुणी?

इथपर्यंत सगळं करूनही यंत्र थंड असेल, तर ते उघडावं लागेल. हे काम आयटीआयत इलेक्ट्रिशियनचा अभ्यास केलेल्या किंवा या धंद्यात मुरलेल्या माणसाचं आहे. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलांनी आत्मविश्वासावर हे करू नये. मात्र मिस्त्रीकडून काम कसं झालं पाहिजे हे तुम्हाला माहीत हवं, म्हणजे तुम्ही समोर उभं राहून ते बघू शकाल.

फ्यूज उडाला असेल तर नवा फ्यूज त्याच तापमानाचा आणि त्याच अँपिअरचा हवा. हे आकडे जुन्या फ्यूजच्या अंगावरच छापलेले असतात. जास्त तापमानाचा बसवला तर तो वेळेवर उडणार नाही. फ्यूज शक्यतो दाबून बसवायच्या नळीने, म्हणजे क्रिम्प करून जोडावा. डाग देताना त्या उष्णतेनेच नवा फ्यूज उडू शकतो. फ्यूजवर असलेली काचतंतूंची पांढरी नळी परत चढवली पाहिजे आणि फ्यूज जिथे पट्टीखाली दाबलेला होता तिथेच बसला पाहिजे. हवेत लोंबकळणाऱ्या फ्यूजला कॉईलचं तापमान कळत नाही. आतली वायर बदलली तर उष्णता सोसणारी हवी, घरातल्या दिव्याची साधी वायर नको. काम झाल्यावर अर्थिंगची वायर पुन्हा जोडली आहे ना, हे विचारा आणि डोळ्यांनी बघा.

कॉईलच जळाली असेल, तर अनेक स्वस्त यंत्रांत ती नळीसह एकाच तुकड्यात येते आणि बाजारात सुटी मिळत नाही. अशा वेळी नवं यंत्र घेणं हाच मार्ग. नांदेडच्या वजिराबादच्या बाजारात किंवा लातूरच्या बाजारात चौकशी करा, पण दुसऱ्याच वॅटची कॉईल ‘बसवून देतो’ म्हटलं तर घेऊ नका.

किटली, रॉड आणि अर्थिंग

कॉफी मेकरपेक्षा किटल्या आणि रॉड आपल्याकडे कितीतरी जास्त आहेत, म्हणून त्यांच्याबद्दलही सांगतो. किटली कोरडी तापली की तिच्या तळातला स्विच वीज तोडतो. ती दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या, पाणी भरा आणि पुन्हा लावा. बहुतेक किटल्या पुन्हा सुरू होतात. झाकण उघडं ठेवलं तर वाफ स्विचपर्यंत पोचत नाही आणि किटली उकळतच राहते. तळाचा गोल ठोकळा आणि किटलीचं बूड नेहमी कोरडं असावं.

रॉडमध्ये असे राखणदार बहुधा नसतातच. म्हणून रॉड घेताना आयएसआय चिन्ह पाहा, पाण्यात तापवायच्या रॉडना ते कायद्याने बंधनकारक आहे. रॉड आधी पाण्यात बुडवायचा, मग बटण चालू करायचं. आधी बटण बंद करायचं, पीन काढायची, मगच पाण्याला हात लावायचा. लोखंडी बादली वापरू नका. ‘तापलं का’ हे बोटाने पाहण्याच्या सवयीमुळे माणसं गेली आहेत.

तीन पिनांचं उपकरण दोन पिनांच्या जोडणीवर लावू नका, त्याने अर्थिंगच कापलं जातं. आणि सॉकेटला तीन भोकं आहेत म्हणजे अर्थिंग आहे असं नाही. अनेक खोल्यांत वरच्या भोकामागे वायरच नसते. इलेक्ट्रिशियनकडून ते एकदा तपासून घ्या.

कुणाला शॉक बसलाच तर त्याला हाताने ओढू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला बाजूला करा, आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवा.

वॉरंटी असेल तर

यंत्र वॉरंटीत असेल तर उघडू नका आणि कुणाला उघडू देऊ नका. बिल जपून ठेवा, त्याचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा, कागदावरची शाई उडते. कंपनीने टाळाटाळ केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला १९१५ वर फोन करा, मराठीतही बोलता येतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या किंवा सेवेच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. दुरुस्तीचा हक्क या विषयावर केंद्र सरकारने २०२२ च्या डिसेंबरात एक पोर्टलही सुरू केलं आहे. सुटे भाग मागणं हा आगाऊपणा नाही, तो आपला हक्क आहे.

यंत्र खरंच संपलं असेल तर ते उकिरड्यावर टाकू नका किंवा वायर जाळून तांबं काढायला देऊ नका. त्या धुरात राहणारी पोरं आपल्याच गावातली असतात. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणीकृत संकलकाकडे किंवा नवं यंत्र घेताना दुकानदाराकडे जुनं द्या. आणि जे यंत्र अंगाला झटका देतं, ते देण्याआधी त्याची पीन कापून टाका, म्हणजे दुसरं कुणी ते वापरणार नाही.

आता तुमच्याकडे मागणं

विद्यार्थ्यांनो, वसतिगृहात तापणारी उपकरणं लावायला मनाई असेल तर ती पाळा. ती वायरिंग तुमच्या सगळ्यांच्या किटल्यांचा भार एकदम सोसायला बनवलेली नसते. जिथे परवानगी आहे तिथे एका सॉकेटला एकच उपकरण लावा, आणि झोपण्याआधी पीन काढा.

घरमालकांनो, तुम्ही खोलीचं भाडं घेता, तेव्हा दुसऱ्या गावच्या आईवडिलांनी आपलं लेकरू तुमच्या भरवशावर ठेवलेलं असतं. प्रत्येक खोलीत एक १६ अँपिअरचं सॉकेट, खरं अर्थिंग आणि इमारतीच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, एवढं तुम्ही केलंच पाहिजे. मुलांनी मागायची वाट पाहू नका.

मिस्त्रीभाऊ, तुमचं कौशल्य मला माहीत आहे. कमी पैशांत वस्तू चालू करून देणं ही तुम्हाला सेवा वाटते, गिऱ्हाईकही तेच मागतं. पण ज्या यंत्राचा राखणदार तुम्ही काढला, त्याच्यापुढे रात्री कोण झोपणार आहे हे तुम्हाला कळत नाही. भाग मिळत नसेल तर तसं स्पष्ट सांगा आणि काम नाकारा. नाकारलेल्या कामाने तुमचं नाव खराब होणार नाही.

आणि घरातल्या सगळ्यांनो, आज संध्याकाळी आपल्या स्वयंपाकघरातली तापणारी उपकरणं एकदा ओट्यावर मांडा. पिना बघा, वायरी बघा, आतला पांढरा थर बघा. कुठलं उपकरण पूर्वी कुणी उघडून दिलं होतं ते आठवा आणि त्यात फ्यूज आहे का, हे जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. नसेल तर बसवून घ्या. बसत नसेल तर ते उपकरण वापरातून काढा.